काठ कोणाचा? नाव, विमान आणि आपलं खानदेश

(जळगाव इथं तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय थोडा वेगळा आहे: ‘आपल्या गावाचा पाणकाठ पुन्हा कसा जागवायचा?’ आणि त्यात दोन वारसे जोडायचे आहेत, नावेचा आणि विमानाचा. विषय ऐकून काही जण हसले असतील. जळगावला कुठं समुद्र आहे? इथं केळी आहे, सोनं आहे, भरीत आहे, 45 अंशांचं ऊन आहे. नाव आणि विमान कुठून आलं? पण जरा थांबा. खानदेशात विमानं उठतात अशा निदान तीन जागा आहेत, आणि या जिल्ह्याच्या दैनंदिन आयुष्यातून नाव अजून पुरती गेलेली नाही. आपण त्यांच्याकडे वारसा म्हणून पाहिलेलं नाही, एवढंच.

आधी पाण्याबद्दल बोलू. तापी मुलताईजवळ उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहत सुरतेला समुद्राला मिळते. वाटेत बुऱ्हाणपूर, मग चांगदेवला पूर्णेचा संगम, पुढे हतनूर, भुसावळ, रामेश्वरला गिरणा, मुडावदला पांझरा, त्यानंतर सारंगखेडा आणि प्रकाशा. सुरत म्हणजे मुघल काळातलं हजला जाणाऱ्यांचं बंदर. बुऱ्हाणपूरचं कापड आणि खानदेशचा माल तिथूनच जगात जायचा. हे ऐकून कोणी सांगेल की तापीतून जहाजं चालायची. नाही चालायची. आपल्या भागात तापी खडकाळ आहे, पावसाळ्यात उसळते आणि उन्हाळ्यात आटते. माल बैलगाड्यांनी आणि तांड्यांनी जायचा. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला आला, तोही खुष्कीनं.

मग खानदेशातली नाव कोणती? पलीकडच्या काठावर नेणारी. बाजाराला, शेताला, लग्नाला, उरुसाला आणि जत्रेला नेणारी. पूल नव्हते तेव्हा नावाडी हाच पूल होता. नावेत बसणाऱ्याला कोणी जात विचारत नसेल असं मी म्हणणार नाही, जात सगळीकडे होतीच. पण पाणी वाढलं की सगळे एकाच लाकडावर बसायचे. भोई, कोळी, भिल्ल, तडवी अशा अनेकांच्या हातांनी हा उतार चालला. इतिहासाच्या पुस्तकात या हातांना ओळ मिळाली नाही. किल्ला बांधणाऱ्याचं नाव शिलालेखावर असतं. तुमच्या आजोबांना नदी ओलांडून देणाऱ्याचं नाव कुठंच नसतं.

या नदीकाठी आपल्या पूर्वजांनी काय काय केलं तेही बघा. बुऱ्हाणपूर फारुकी सुलतानांनी वसवलं आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. रो ज्या वर्षी तिथं पोचला त्याच 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, तिथं कुंडी भंडाऱ्याचं काम झालं. सातपुड्याकडून झिरपणारं भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचं, अशी ही योजना. ना पंप, ना वीज. तापीच्या पलीकडच्या काठावर, जैनाबादच्या आहूखान्यात, 1631 साली मुमताज महलचं पहिलं दफन झालं. ताजमहालची गोष्ट आग्र्यात पूर्ण झाली, पण सुरू झाली ती आपल्या तापीकाठी.

आणि एक वारसा कोणा सुलतानाचा नाही, गावकऱ्यांचा आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत काही शतकं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे चार फड. एका फडात एकच पीक, आणि ते पीक दर वर्षी एका फडातून दुसऱ्यात सरकतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. वरच्या टोकाच्या शेतकऱ्यानं खालच्याचं पाणी तोडायचं नाही. त्याच पांझरेवर साक्री तालुक्यात दातर्तीला तरुण इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी 1884 च्या सुमारास सायफनचं काम केलं. ज्या माणसानं पुढे देशाला धरणं दिली, त्याचं पहिल्यापैकी एक काम आपल्या नदीवर झालं. धुळ्याच्या किती तरुणांनी ती जागा पाहिली आहे?

आता आकाशाकडे येऊ. 1928 साली स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब हा देशातल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक. याच क्लबमधून जे. आर. डी. टाटा उडायला शिकले, 1929 साली त्यांना परवाना मिळाला आणि 1932 साली त्यांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं. तो क्लब आज वैमानिकांचं प्रशिक्षण कुठं देतो? धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर. शिरपूरलाही वैमानिक घडवणारी अकादमी आहे. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं, आणि त्या याच जिल्ह्यातल्या. ‘उडान’ योजनेतली इथली पहिली सेवा 2017 च्या डिसेंबरात सुरू झाली.

म्हणजे आपल्या डोक्यावरून शिकाऊ विमानं घिरट्या घालतात आणि खाली शेतात केळीला पाणी सोडणारा माणूस कपाळावर हात धरून वर बघतो. त्या दोघांचा संबंध काय? 16 जुलै 2021 ला तो संबंध फार दुःखद रीतीनं दिसला. चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या डोंगरात एक शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला, शिकणारी तरुणी जबर जखमी झाली. तिथं गाडीरस्ता नव्हता, पाऊस होता. मदतीला पहिल्यांदा धावले ते आसपासचे आदिवासी. त्यांनी बांबूला साडी बांधून झोळी केली आणि त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं. आपल्या जिल्ह्याचा विमान-वारसा कोणी विचारला तर मी विमानतळाच्या इमारतीआधी त्या झोळीचं नाव घेईन.

आता पाणी आणि विमान एकत्र कसे येतात ते सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हॅमंड्सपोर्ट नावाचं छोटं गाव आहे. आपल्या एखाद्या वाडीएवढं, हजारभर वस्तीचंही नाही. तिथल्या क्यूका तलावाकाठी ग्लेन कर्टिस या सायकल दुरुस्त करणाऱ्यानं विमानं बनवली, 1908 साली जाहीर उड्डाण केलं आणि पुढे पाण्यावरून उडणारी विमानं तयार केली. आज तिथं त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. गावातले निवृत्त लोक, सुतार, मेकॅनिक जुन्या विमानांच्या प्रतिकृती हातानं बनवतात आणि त्याच तलावावर उडवून दाखवतात. गावाची ओळख बाहेरच्या कंपनीनं दिलेली नाही, गावातल्या हातांनी राखली आहे.

आपल्याकडेही पाण्यावर उतरणारी विमानं आली होती. 1938 च्या सुमारास इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या नौका कराचीहून कलकत्त्याला जाताना राजस्थानच्या राजसमंद तलावावर आणि ग्वाल्हेरच्या तलावावर उतरायच्या. नंतर 31 ऑक्टोबर 2020 ला अहमदाबादच्या साबरमती रिव्हरफ्रंटवर सी-प्लेनची सेवा सुरू झाली. मोठा सोहळा झाला. काही महिन्यांत ती सेवा थांबली.

साबरमतीपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण ‘आपल्याकडे पण तसं करा’ ही मागणी प्रत्येक लहान शहरात होते. तो काठ आज देखणा दिसतो. पण तो होण्याआधी तिथं दहा हजारांहून अधिक कुटुंबं राहत होती. मजूर, धोबी, भाजीवाले, कापड रंगवणारे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांना पुनर्वसनासाठी कोर्टात जावं लागलं. त्यासाठी वस्तीतल्या लोकांनी साबरमती नागरिक अधिकार मंच उभा केला. घरं मिळाली त्यांतली बरीच शहराच्या कडेला, कामापासून लांब. आणि नदीकाठच्या गुजरी बाजारालाही आपली जागा टिकवण्यासाठी झगडावं लागलं. तेव्हा पाणकाठ सुंदर करायचा की नाही हा प्रश्नच नाही. करायचाच. तो कोणाला वगळून करायचा नाही, हा आपला मुद्दा आहे.

आता मेहरुण तलाव घ्या. मेहरुणची बोरं महाराष्ट्रभर माहीत आहेत. तलावावर सकाळी चालायला लोक येतात, गणेश विसर्जन होतं, संध्याकाळी कुटुंबं बसतात. आजूबाजूला आपली वस्ती आहे. तिथं सुशोभीकरणाची चर्चा झाली की नकाशात काय येतं? कारंजं, दिवे, सेल्फी पॉइंट, कुंपण आणि तिकीट. काय येत नाही? भेळगाडी, मासे धरणारा, बायकांसाठी स्वच्छतागृह, पोहायला शिकायची जागा. ज्या मुलाला दहा-वीस रुपयांचं तिकीट परवडत नाही, त्याला त्याच्याच गावचं पाणी कुंपणाबाहेरून बघावं लागतं.

आपल्या धर्मपरंपरेत याबद्दल काही आहे का? आहे, आणि स्पष्ट आहे. पाणी, गवत आणि अग्नी यांत सगळे भागीदार आहेत, या आशयाची हदीस तुम्ही ऐकली असेल. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असंही शिकवलं गेलं. हजरत नूह यांची नौका आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. बंगालमध्ये मुर्शिदाबादला आजही भाद्रपदात ख्वाजा खिज्रच्या नावानं दिव्यांच्या नौका भागीरथीत सोडतात आणि ते बघायला सगळे धर्म येतात. मुलांना पोहायला शिकवा, असा सल्ला हजरत उमर यांच्या नावानं सांगितला जातो. तो सल्ला आपल्या मोहल्ल्यात पोचला का? आपल्या किती मुलींना पोहता येतं? हात वर करा असं मी म्हणत नाही, उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

इथं आपल्या एका सवयीबद्दल बोलतो. नवव्या शतकात कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनासनं पंख लावून उडायचा प्रयत्न केला, हा मेसेज दर महिन्याला मोबाइलवर येतो. अभिमान जरूर बाळगा. पण हजार वर्षांपूर्वीच्या उड्डाणाचा मेसेज पुढे ढकलणाऱ्या आपल्या मोहल्ल्यातून गोंदूरच्या धावपट्टीपर्यंत किती मुलं-मुली गेल्या? व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तास उडावं लागतं आणि त्याचा खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. हे खरं आहे. पण विमानसेवेत फक्त वैमानिक नसतो. देखभाल करणारा इंजिनिअर असतो, हवामान सांगणारा असतो, हवाई वाहतूक नियंत्रक असतो, जमिनीवरचे कर्मचारी असतात. त्या परीक्षांची नावंही आपल्या दहावी-बारावीच्या मुलांना माहीत नसतात. वारसा डोक्यावरून उडत जातो आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता आपल्या गल्लीतून जात नाही, हे मला खुपतं.

मग करायचं काय? मी पाच गोष्टी सांगतो. यातली एकही कोट्यवधींची नाही.

पहिली गोष्ट, नोंद. या सुट्टीत दोघा-दोघांच्या जोड्या करा. तापी, गिरणा, बोरी, पांझरा यांच्या काठच्या गावांत जा. नाव चालवलेले, जाळं विणणारे, नदीपात्रात टरबुजाची वाडी करणारे जे म्हातारे लोक आहेत त्यांना बोलतं करा. त्यांच्या बोलीत नोंदवा. अहिराणी, लेवा बोली, तडवी, उर्दू, जी असेल ती. नावेच्या प्रत्येक भागाला ते काय म्हणतात ते लिहून घ्या. हे शब्द त्यांच्यासोबत जातील, मग कुठल्याच संग्रहालयात मिळणार नाहीत. वर्डीच्या त्या झोळीची गोष्टही तिथल्याच लोकांच्या तोंडून नोंदवा.

दुसरी गोष्ट, नावघर. मेहरुणसारख्या तलावाच्या कडेला एक साधी शेड मागा. तिथं जुन्या पद्धतीची एक नाव बांधणाऱ्या कारागिराला बसवा, त्याला मानधन द्या आणि शाळांना बघायला येऊ द्या. त्याच शेडच्या दुसऱ्या भिंतीवर खानदेशच्या धावपट्ट्यांचा नकाशा, कागदी आणि लाकडी विमानं बनवायची टेबलं. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात, त्यांच्याशी बोला. आपल्या प्रशिक्षण संस्थांना वर्षातून एक दिवस मुलांसाठी खुला ठेवायची विनंती करा. विनंती लेखी करा आणि पोच घ्या.

तिसरी गोष्ट, सुरक्षा. नौकाविहार हा शब्द गोड आहे. पण 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांना लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हा आपल्या तलावावर बोट आली तर आधी विचारा: नोंदणी आहे का, किती माणसांची परवानगी, जॅकेट किती, वाचवणारा पोहणारा कोण? ठेका मिळालेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे विरोध नव्हे. आणि त्या ठेक्यात स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला आधी विचारलं गेलं का, हेही विचारा. पाण्याची खोली त्यांच्याइतकी कोणाला माहीत आहे?

चौथी गोष्ट, स्वच्छता. ही थेट आपल्या दारातली आहे. 1937 च्या विमान नियमांत 91 वा नियम होता: विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापायचं नाही आणि पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायचा नाही. कारण साधं आहे. उघड्यावरच्या मांसावर आणि कचऱ्यावर घारी येतात, घार विमानावर आदळली तर माणसं मरू शकतात. हा केवळ आपल्या समाजाचा प्रश्न नाही. शहराचा कचरा डेपो, हॉटेलं, पोल्ट्री, सगळे यात आहेत, आणि महापालिकेनं बंदिस्त कत्तलखाना आणि कचऱ्याची गाडी देणं हे तिचं काम आहे. ते मागायचं. पण बकरी ईदला आतडी-कातडी नाल्यात जाऊ न देणं, ती वेळेवर गाडीत चढवणं हे आपल्या तरुणांनी हाती घ्यायचं. नाला शेवटी नदीलाच मिळतो. विसर्जनानंतर तलावाकाठची सफाई इतर मंडळांच्या मुलांबरोबर करा. एका दिवशी ते, एका दिवशी आपण असं नको. दोन्ही दिवशी दोघं.

पाचवी गोष्ट, कागद. शहराचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. बहुतेक वेळा ती मुदत संपल्यावर आपण मोर्चा काढतो. मुदतीत लिहा. नदीला निळी आणि लाल पूररेषा असते. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम दाखवलं असेल तर तिथंच बोट ठेवा. पांझरेनं 1872 सालीही धुळं बुडवलं होतं आणि 2019 च्या ऑगस्टमध्येही तिनं आपली जागा दाखवून दिली. नदीला आपला सातबारा पाठ असतो. दुसरं, 2014 च्या फेरीवाला कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असावे लागतात. तुमच्या शहरात ती समिती आहे का, तिची बैठक कधी झाली, माहितीच्या अधिकारात विचारा. काठावरच्या गाड्यांची यादी काम सुरू व्हायच्या आधी झाली पाहिजे. नंतर झालेल्या यादीत गरीब माणूस सापडत नाही.

काही जण म्हणतील, रोजगार नाही, शिक्षण नाही, रोज कुठं ना कुठं तणाव, आणि तुम्ही नावा-विमानांचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की तणाव वाढतो तेव्हा लोक एकमेकांना भेटतात अशा जागा आधी बंद पडतात. वस्त्या वेगळ्या झाल्या, शाळा वेगळ्या झाल्या. तलावाचा काठ ही उरलेल्या थोड्या जागांपैकी एक आहे, जिथं बुरख्यातली आई आणि नऊवारीतली आजी एकाच बाकावर बसून एकाच भेळवाल्याची भेळ खातात. ती जागा गेली तर पुन्हा तयार करायला एक पिढी जाते. आणि रोजगाराचं म्हणाल तर नाव बांधणं, पोहायला शिकवणं, जीवरक्षक होणं, पक्षी दाखवणं, हे सगळे रोजगारच आहेत. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. ते बघायला येणाऱ्यांना वाट दाखवणारा तरुण तिथल्याच गावचा का असू नये?

अंमळनेर याच जिल्ह्यातलं, बोरीकाठचं. 1945 साली मोहम्मद हाशिम प्रेमजींनी तिथं तेलाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. त्या गावातल्या अनेक घरांकडे तेव्हाचे शेअर होते, हे आज सगळे कौतुकानं सांगतात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एका मुसलमान उद्योजकानं काढलेला कारखाना सगळ्या गावाचा झाला, कारण गावाला त्यात वाटा होता. पाणकाठाचंही तसंच आहे. जिथं वाटा असतो, तिथं राखण करायला सांगावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मेहरुणच्या काठावर भेटू. वही, पेन आणि मोजायची टेप घेऊन या. किती गाड्या, किती बाकं, किती दिवे, पाण्यापर्यंत जायला किती वाटा आणि त्यांतल्या किती बंद, एवढंच पहिल्या दिवशी मोजायचं. बहिणींनी जरूर यावं, कारण अंधार कुठं आहे हे त्यांनाच नीट माहीत असतं. त्या मोजणीवरून पहिलं निवेदन आपण मराठीत आणि उर्दूत लिहू आणि महापालिकेत देऊ.